पाठ फळवावी की थांबावं? लटकता डिजिटल काटा, दहा महिने वापरून

काटा घरी आला तेव्हा मामाजींनी ओसरीतूनच विचारलं, "काहून वो सूनबाई, बकरी इकाची हाय का?" त्यांचं काही चुकलं नाही. आमच्या आर्वी तालुक्यातल्या गावात बकरीचं वजन निघतं ते विकतानाच, तेही व्यापाऱ्याच्या नजरेनं. मी 549 रुपये घातले ते पाठी, म्हणजे अजून न व्यालेल्या बकऱ्या, कधी फळवायच्या, म्हणजे त्यांना बोकड कधी दाखवायचा, ते ठरवायला.

दोन वर्षांपूर्वी आमची एक पाठ सातव्या महिन्यातच माजावर आली. शेपटी सारखी हलत होती, रात्रभर ओरडणं, कुटाराला तोंड लावेना. दिसायला भरलेली, म्हणून मीच बोकडाकडे नेली. पाच महिन्यांनी विताना करडू अडलं. ओढून काढलं तर मेलेलं. तिला दूध धड उतरलं नाही, अन् तीही तेवढीच खुरटून राहिली. आज कळपात उभी केली तर कोणी करडू समजेल. तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की माज येणं वेगळं अन् गाभ पेलायची ताकद येणं वेगळं. मोठ्या बकरीच्या वजनाच्या निदान दोन तृतीयांश भरल्याशिवाय बोकड दाखवायचा नाही. आमच्या मोठ्या बेरारी बकऱ्या 32-33 किलोच्या. म्हणून मी रेघ ओढली: 22 किलो, आणि वयानं दहा महिने पूर्ण. मामाजी दात पाहतात, पण वर्षाच्या आत सगळे दुधाचेच दात, त्यात काय कळणार!

आता काट्याचं. 50 किलोपर्यंतचा आहे, दोन बारीक सेल लागतात. आल्या आल्या युरियाच्या न फोडलेल्या गोणीवर तपासला. ती आता 45 किलोची येते, काट्यानं 45.2 दाखवलं. पोत्याचं वजन धरलं तर बरोबरच म्हणायचं.

बकरी नुसती आकड्याला टांगता येत नाही. मी जुन्या पोत्याला पायांसाठी चार भोकं पाडून झोळी शिवली अन् काटा गोठ्याच्या मयालीला बांधला. आधी रिकामी झोळी लटकवून शून्य करायचं, मग बकरी. ती पाय झाडते तोवर आकडा 17, 23, 19 असा नाचतो. डोळ्यांवर पदर टाकला की गप्प लोंबते, आणि दोन-तीन सेकंदांत आकडा अडकतो, बकरी उतरवली तरी तसाच राहतो. हे मला सगळ्यात आवडलं, कारण एका हातानं बकरी सांभाळताना वाचायला फुरसत कुठे? वजन सकाळी, चारा घालायच्या आधी करा. चरून आलेल्या पोटात किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो.

तक्रारी आहेत. शून्याच्या बटणाला चिकटूनच किलोचं पाउंड करायचं बटण आहे. एका सकाळी आमची टिकली नावाची पाठ एकदम 39 भरली! मी हबकले, मामाजी मात्र खूश. नंतर पाहिलं तर कोपऱ्यात किलोऐवजी पाउंडची बारीक अक्षरं. काटा मिनिटभरात आपोआप बंद पडतो, तोही नेमकी बकरी झोळीत असताना. उन्हात आकडे दिसत नाहीत. माहितीच्या कागदावर मराठीचा एक शब्द नाही.

ही टिकली पोळ्याला जन्मलेली. चैत्रात 16.2 होती, आषाढात माजावर आली तेव्हा 20.8. थांबवली. गटातल्या बायका म्हणाल्या, माज वाया घालवते ही. माज टिकतो दीड दिवस, पण साधारण 21 दिवसांनी पुन्हा येतो, मग घाई कशाला? श्रावणात आला तेव्हा 21.9. मामाजी चिडले, "शंभर ग्रॅमसाठी काहून अडून बसली?" मग मी कमरेवर हात फिरवला. मणक्याच्या आडव्या हाडांची टोकं बोटांना टोचत नव्हती, वर मांस चढलं होतं. नेली बोकडाकडे. काट्याला कंबर दिसत नाही, तेवढं आपणच पाहायचं.

पौषात टिकली कोणी हात न लावता व्याली. एक पाठ, याच काट्यावर 2.1 किलो. दूध दोन्ही सडांना.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या पाउंडच्या बटणाचा कापला. मी आता त्यावर चिकटपट्टी लावली आहे. मागवाल तेव्हा बारीक सेलची एक जोडी जास्तीची घेऊन ठेवा, आमच्या गावच्या किराण्यात नुसते जाडेच मिळतात.