मुंबईचा इतिहास: चालत पाहावा की बसून ऐकावा?

रविवार एकच मोकळा आहे. सकाळी एखाद्या अभ्यासकाबरोबर हेरिटेज वॉकला जायचं, की संध्याकाळी दादरच्या सभागृहात व्याख्यानाला बसायचं? बरेच जण वक्त्याचं नाव बघून ठरवतात. मी आधी विषय बघतो: त्या घटनेचं रस्त्यावर आज काही उरलंय का?

प्लेग असेल तर चालायलाच जा. १८९६मध्ये साथ उघडकीस आली ती मांडवीत. तिथल्या चिंचोळ्या गल्ल्या पाहिल्या की १८९८मध्ये शहराची दाट वस्ती सुधारणारा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट का काढावा लागला ते कळतं. त्याच ट्रस्टने दाट वस्ती कापून प्रिन्सेस स्ट्रीट काढला. समुद्राचा वारा आतपर्यंत यावा हा त्यामागचा हिशेब तिथे उभं राहिलं की पटतो. साथ ओळखणारे डॉ. व्हिएगास धोबीतलावला पुतळ्याच्या रूपात भेटतात. दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्याही ट्रस्टच्याच. स्लाइडवर यातलं निम्मंही उतरत नाही.

कापसाच्या सट्ट्याचं मात्र उलट. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, इथले भाव चढले आणि तो पैसा बॅक बेचा समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत ओतला गेला. १८६५मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. चालून काय दिसणार? या सट्ट्यातले बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतला राजाबाई टॉवर. फोटो झकास येतो, पण पडझडीची साखळी उलगडायला फळा आणि निवांत तासभर लागतो.

१४ एप्रिल १९४४चा गोदीतला स्फोटही सभागृहातच ऐकावा. ‘फोर्ट स्टिकीन’वर कापूस आणि स्फोटकं एकाच जहाजात कशी भरली गेली, हे नकाशा समोर असेल तर समजतं. शिवाय गोदीत आपल्याला सोडतंय कोण!

पॉडकास्ट लोकलमध्ये बरा, पण शंका विचारता येत नाही.

वक्ता पारखायचा असेल तर पोर्तुगीजांनी राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला ‘मुंबई आंदण दिली’ हा किस्सा तो कसा सांगतो ते ऐका. करार १६६१चा, ताबा मिळाला १६६५मध्ये. आंदणात नेमकी कोणती बेटं, यावर मधली वर्षं पोर्तुगीज आणि इंग्रज भांडत होते. ती गाळून थेट १६६८मध्ये राजाने ईस्ट इंडिया कंपनीला लावलेल्या वर्षाला दहा पौंड भाड्यावर उडी मारणाऱ्याकडे मी पुन्हा जात नाही.

आणि वॉकला गेलात तर पुढे चाला. फोर्टच्या हॉर्नांत मागच्यांना काही ऐकू येत नाही.