लेखनाचा जोडकोर्स: अध्यापन उत्तम, नोंदणी किचकट

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत मुख्य विषय कोणताही असला, तरी सुरुवातीच्या वर्षांत इंग्रजी लेखनाचा कोर्स आणि सामान्य शिक्षणाचे, म्हणजे मानव्यविद्या, समाजशास्त्रे, विज्ञान अशा क्षेत्रांतील, काही कोर्स पूर्ण करावे लागतात. काही ठिकाणी या दोहोंची जोडी लावून दिली जाते. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील इंग्लिश १९७, १९८ आणि १९९ हे कोर्स याच पद्धतीचे असून, ते अनुक्रमे मानव्यविद्या, समाजशास्त्रे आणि निसर्गविज्ञाने यांतील व्याख्यानांना जोडलेले असतात. मी अशी जोडी दुसऱ्या एका विद्यापीठात घेतली; त्यात समाजशास्त्राचा प्राथमिक कोर्स आणि लेखन एकत्र होते.

नोंदणीची व्यवस्था मात्र नवख्या विद्यार्थ्याचा विचार करून केलेली नाही, हे स्पष्टपणे सांगावेसे वाटते. लेखनाच्या वर्गाचा क्रमांक टाकून मी बटण दाबले, तेव्हा पडद्यावर लाल अक्षरांत ‘सहकोर्सची अट अपूर्ण’ एवढेच उमटले. सहकोर्स म्हणजे त्याच वेळी सोबत घ्यावाच लागणारा कोर्स. कोणता सहकोर्स, हे त्या वर्गाच्या तपशिलात अगदी तळाशी दिलेले होते. तो सापडल्यावर कळले की व्याख्यान, त्याचा शुक्रवारचा चर्चावर्ग आणि लेखन हे तिन्ही क्रमांक एकाच वेळी पाठवावे लागतात; एकेक करून पाठवले तर प्रत्येक वेळी नकारच येतो. या खटाटोपात लेखनाच्या २० जागा भरून गेल्या, व्याख्यानाच्या २०० जागांपैकी निम्म्याहून अधिक मोकळ्या असूनही. पुढे एका विद्यार्थ्याने जागा सोडली आणि ॲडव्हायझरबाईंनी, म्हणजे कोर्सनिवडीत मार्गदर्शन करणाऱ्या कर्मचारीबाईंनी, कार्यालयातून माझे नाव घातले, म्हणून निभावले. आपल्याकडे विषयांचे गट कॉलेजच ठरवून देत असे, त्यामुळे ही सगळी जुळवाजुळव आपणच करायची असते, हे माझ्या लक्षात यायलाही वेळ लागला.

जागा कमी असतात त्यामागे कारण आहे. लेखनाच्या वर्गात २० पेक्षा अधिक विद्यार्थी नसावेत, अशी अमेरिकेतील लेखनशिक्षकांच्या संघटनेची शिफारस आहे, आणि तिचे मोल वर्गात बसल्यावर कळते. समाजशास्त्राच्या कामासाठी आम्ही सार्वजनिक धुलाईकेंद्रात तासभर बसून निरीक्षण केले. ‘लोक एकमेकांना टाळत होते,’ असे मी लिहिले. शिक्षिकेने ‘टाळत’ या शब्दाखाली रेघ मारून विचारले, “तुम्हाला प्रत्यक्ष काय दिसले?” मी दुरुस्ती केली: नऊपैकी सात जणांनी एक खुर्ची सोडून बसणे पसंत केले. त्यांनी ‘पसंत’ही खोडले. शेवटी ‘सात जण एक खुर्ची सोडून बसले’ एवढेच उरले, आणि त्याच आठवड्यात व्याख्यानात समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांची, अनोळखी माणसे एकमेकांची दखल घेऊन मग सभ्यपणे नजर वळवतात ही संकल्पना आली, तेव्हा लिहिण्यासारखे काहीतरी खरोखरच माझ्या हाताशी होते. सुट्या लेखनवर्गात कुठल्या तरी सर्वसाधारण विषयावर निबंध लिहून हे साधले असते, असे मला वाटत नाही.

एक अडचण आधीच ओळखून ठेवावी: जोडीतला एक कोर्स सोडला की दुसराही सुटतो, त्यामुळे व्हिसासाठी लागणारी किमान क्रेडिट्स कमी पडू शकतात. नोंदणी उघडण्याच्या आदल्या दिवशी तिन्ही क्रमांक कागदावर लिहून, तासांच्या वेळा जुळतात का ते पाहून, मगच संगणकापुढे बसावे.