माल जिन्नसवार मागवावा की एका खेपेत? किराणा दुकानदारासाठी तुलना

सासवड किंवा भोरचा किराणा दुकानदार पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातून माल भरतो, तेव्हा त्याच्या हिशेबात दोन वेगळे खर्च एकत्र मिसळलेले असतात. हमाली पोत्यामागे लागते. माल पाच खेपांत आणा की दहा, वर्षाची पोती तेवढीच. गाडीभाडं मात्र खेपेमागे लागतं, गाडीत एक जिन्नस असो वा वीस. माल एकत्र मागवून वाचतो तो हा दुसरा खर्च, म्हणून आधी तो वेगळा काढा.

समजण्यापुरते आकडे धरू. वर्षाची खरेदी तेल 7,20,000, साखर 4,80,000 आणि मसाले 60,000 रुपये. एका खेपेचं भाडं 1,500 रुपये. प्रत्येक जिन्नसाची मागणी नोंदवणं, मोजून घेणं, लावणं याचे दर खेपेला 50 रुपये. मालात अडकलेल्या पैशाला व्याज महिन्याला दोन टक्के, म्हणजे वर्षाला 24 टक्के.

पहिली पद्धत सर्रास दिसते: जे संपत आलं ते मागवायचं. ती अगदी काटेकोर पाळली, म्हणजे अमेरिकन अभियंते फोर्ड हॅरिस यांनी 1913 साली मांडलेल्या सूत्रानं प्रत्येक जिन्नसाची किफायतशीर (आणण्याचा खर्च आणि व्याज मिळून सर्वांत स्वस्त पडणारी) खेप काढली, तरी तेल 49 दिवसांनी, साखर 60 दिवसांनी आणि मसाले 169 दिवसांनी येतात. वर्षाला जवळपास 16 खेपा, दुकानात सरासरी एक लाखाचा माल, आणि भाडं, जिन्नसामागचे 50 रुपये व व्याज मिळून खर्च सुमारे 48,700 रुपये.

दुसरी पद्धत म्हणजे तिन्ही जिन्नस एकाच गाडीत. हिशेबानं 38 दिवसांनी एक खेप येते, खर्च 31,600 रुपयांच्या आसपास. सतरा हजार वाचतात. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच: खेपा दहाच्या आत येतात आणि दुकानातला सरासरी मालही 66,000 रुपयांवर उतरतो. एकाच जिन्नसाच्या हिशेबात खेपा कमी केल्या की साठा वाढतोच. इथे दोन्ही कमी होतात, कारण भाडं तिघांत वाटलं गेल्यामुळे प्रत्येक जिन्नस थोडा थोडा आणणं परवडतं.

38 दिवस हा आकडा पाळायला अवघड, आणि पाळायची गरजही नाही. दर महिन्याला खेप ठेवली तर खर्च 32,400 होतो, म्हणजे वर्षाला फक्त 800 रुपये जास्त. शिवाय साखर किलोला 44 आणि तेल 140 रुपये धरलं तर महिन्याचा माल साधारण 1,350 किलो भरतो. तो दीड टनाच्या पिकअपमध्ये बसतो, 38 दिवसांचा बसत नाही.

प्रत्येक जिन्नस प्रत्येक खेपेला आणायलाच हवा असं नाही. मसाल्यांची उलाढाल तेलाच्या बारावा हिस्सा असूनही ते दर खेपेला आणणंच फायद्याचं ठरतं, कारण गाडी तशीही येणारच असते. पण वर्षाला जेमतेम 6,000 रुपयांची उदबत्ती खपत असेल, तर ती दर तिसऱ्या खेपेला आणलेली बरी. जिन्नसामागचा खर्च जास्त असेल तिथेही हेच लागू पडतं.

तिसरी पद्धत खप अनियमित असणाऱ्यांसाठी. प्रत्येक जिन्नसाला दोन खुणा ठेवायच्या. खालच्या खुणेला माल टेकला की गाडी बोलवायचीच, आणि त्याच वेळी वरच्या खुणेखाली गेलेले बाकीचे जिन्नसही भरून घ्यायचे. 1964 साली बालिंटफी या संशोधकांनी ही पद्धत मांडली. अचानक माल संपण्याची भीती यात कमी, पण साठ्यावर रोज नजर हवी. संगणकावर बिल करणाऱ्या दुकानाला ती जमते. वहीवर चालणाऱ्या दुकानाला मी खेपेचा ठरलेला दिवसच सुचवेन, फक्त पुढची गाडी येईपर्यंत पुरेल एवढा माल आणि वर थोडी शिल्लक हाताशी ठेवावी.

साबण, बिस्किटं, चहा यांना हा हिशेब लावू नका. वितरकाचा लाइनवाला दर आठवड्याला दुकानात येऊन ऑर्डर घेतो, माल पोचवतो आणि वेगळं भाडं मागत नाही. वाटून घ्यायला सामाईक खर्चच नाही, मग एकत्र करून वाचणार काय? तिथे थोडं थोडं आणि वारंवार घ्या. घाऊक व्यापारी पंधरा दिवसांची उधारी बिनव्याजी देत असेल, तर तेवढ्या दिवसांचं व्याज हिशेबातून वगळा.

नवरात्रापासून दिवाळीपर्यंत तेल, साखर, रवा, बेसन यांचा खप इतका चढतो की एका गाडीत महिन्याचा माल मावत नाही. त्या दिवसांत खेप पंधरा दिवसांवर आणा, पण सगळे जिन्नस एकत्रच येऊ द्या; आणि गाडी आधीच सांगून ठेवा, कारण सणासुदीला भाडंही वाढतं.