युरोप की आशिया? नाशिकमधून एकच स्पर्धा धरायची असेल तर आधी दारं बघा

गंगापूर रोडच्या टर्फवर रात्री दहाचा स्लॉट संपला की बूट काढता काढता एक वाद हमखास निघतो: यंदा नीट बघायचं काय? अर्ध्या पोरांची सकाळ सातपूर-अंबडच्या पहिल्या शिफ्टला सुरू होते, काहींचे क्लास असतात. सगळंच बघतो म्हणणारा डिसेंबरपर्यंत फक्त रील्सवर आलेला असतो. त्यामुळे फुटबॉल क्लबांची एकच खंडीय स्पर्धा निवडायची आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची, असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी ही तुलना.

बहुतेक जण स्पर्धा निवडतात ती मोठ्या नावांवरून किंवा फायनलवरून. माझं मत वेगळं आहे. स्पर्धेत क्लब आत कुठल्या दाराने येतात ते आधी बघावं. दारं किती, कुणासाठी उघडी आणि एखादा दिवस वाईट गेला तर पुन्हा संधी मिळते का, यावर तुमच्या वर्षाची मजा ठरते. फायनल काय, एका रात्रीत संपते.

युरोप: दारंच दारं

चॅम्पियन्स लीगमध्ये २०२४-२५ पासून ३६ क्लब असतात. जुने गट गेले. आता सगळ्यांचा एकच गुणतक्ता आणि प्रत्येकाचे आठ वेगवेगळ्या संघांशी आठ सामने. पहिले आठ थेट उपउपांत्यपूर्व फेरीत जातात, ९ ते २४ क्रमांकाचे प्ले-ऑफ खेळतात, बाकीचे घरी.

या ३६ जागांचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. युरोपच्या क्रमवारीतल्या पहिल्या चार देशांना प्रत्येकी चार, म्हणजे सोळा. पाचव्या देशाला थेट तीन, सहाव्याला दोन, सातव्या ते दहाव्याला एकेक. झाले पंचवीस. गतविजेता आणि युरोपा लीगचा (युरोपातली दुसऱ्या पायरीची स्पर्धा) विजेता मिळून सत्तावीस. आधीच्या हंगामात ज्या दोन देशांच्या क्लबांनी मिळून सर्वात चांगली कामगिरी केली, त्या देशांना एकेक जादा जागा, एकोणतीस. उरलेल्या सात जागांसाठी उन्हाळ्यातल्या पात्रता फेऱ्या: पाच जागा छोट्या देशांच्या लीग विजेत्यांमधून, दोन बाकीच्या देशांच्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकांच्या क्लबांमधून.

आता जादा जागेची गंमत बघा. ८ एप्रिल २०२५ ला आर्सेनलने रिआल माद्रिदला ३-० हरवलं आणि त्याच रात्री इंग्लंडची पाचवी जागा पक्की झाली. फायदा कुणाला? लीगमध्ये पाचव्या आलेल्या न्यूकॅसलला. न्यूकॅसल आणि अॅस्टन व्हिला दोघांचे ६६ गुण होते, गोलफरकावर व्हिला बाहेर राहिला. म्हणजे व्हिलाच्या चाहत्याला आर्सेनलच्या विजयावर टाळ्या वाजवायच्या, आणि मग मे महिन्यात ती जागा शेजाऱ्याने नेलेली बघायची.

त्याच मे महिन्यात बिल्बाओला युरोपा लीगची फायनल झाली. एका बाजूला प्रीमियर लीगमध्ये शेवटी पंधरावा आलेला मँचेस्टर युनायटेड, दुसऱ्या बाजूला सतरावा आलेला टॉटनहॅम. टॉटनहॅम १-० जिंकला आणि थेट चॅम्पियन्स लीगमध्ये. खाली घसरण्याच्या रेषेच्या जेमतेम एक पायरी वर असलेला क्लब! त्यामुळे २०२५-२६ मध्ये इंग्लंडचे सहा क्लब आले. लीगमध्ये वर्षभर राबणाऱ्यांवर हा अन्याय आहे असं कुणी म्हटलं तर मी फार वाद घालणार नाही. पण बघणाऱ्याच्या दृष्टीने हे सोनं आहे, कारण लीग हातातून गेली तरी क्लबचं वर्ष संपत नाही.

देशांची क्रमवारी ठरते कशी, हेही समजून घ्या, नाहीतर वरचं सगळं हवेत राहील. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. पात्रता फेऱ्यांत याच्या निम्मे. देशाच्या सगळ्या क्लबांचे गुण एकत्र करायचे आणि त्या हंगामात युरोपात उतरलेल्या त्याच्या क्लबांच्या संख्येने भागायचे. अशा पाच हंगामांची बेरीज म्हणजे देशाची पत. भागाकारामुळे होतं काय, की सात क्लब उतरवणाऱ्या देशाला एका विजयाचे जेमतेम ०.२८ मिळतात, चार क्लब उतरवणाऱ्याला ०.५. छोट्या देशाचा एक विजय त्याच्या तक्त्यात जास्त वजनाचा ठरतो. मोठ्या देशाचा एखादा क्लब पहिल्याच टप्प्यात ढेपाळला, तरी भागाकारात तो मोजला जातोच आणि सगळ्यांची सरासरी खाली ओढतो.

जुलै-ऑगस्टमधला युरोप

हा भाग आपल्याकडे जवळपास कुणीच बघत नाही, आणि माझ्या मते तोच सर्वात बघण्यासारखा आहे. २०२५ मध्ये कझाकस्तानच्या कैरात अल्माटीने पहिल्या पात्रता फेरीपासून सुरुवात केली. स्लोव्हेनियाचा ओलिंपिया, फिनलंडचा कूप्स, मग स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा पेनल्टीवर. शेवटच्या फेरीत समोर स्कॉटलंडचा सेल्टिक, १९६७ चा युरोप विजेता. ग्लासगोत ०-०, अल्माटीत ०-०, मग पुन्हा पेनल्टी. २१ वर्षांचा गोलरक्षक तेमिरलान अनारबेकोव्ह याने तीन पेनल्टी अडवल्या आणि कैरात आत. महिनाभरात रिआल माद्रिद त्यांच्या गावात खेळायला आला. हरले पाच गोलांनी, पण आला तर खरा.

अल्माटीचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे आहे. सेल्टिकविरुद्धचा परतीचा सामना आपल्याकडे रात्री सव्वादहाला सुरू झाला. म्हणजे जेवण उरकून, घरच्यांची बोलणी न खाता बघता येणारा युरोप.

आशिया: एक फट, आणि तीही आपली

आशियात २०२४-२५ पासून तीन पायऱ्या आहेत. सर्वात वर एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅम्पियन्स लीग एलिट: २०२५-२६ पर्यंत तिच्यात २४ क्लब होते, बारा पश्चिमेचे आणि बारा पूर्वेचे. तिच्या खाली चॅम्पियन्स लीग टू, ३२ क्लबांची. तिसरी चॅलेंज लीग. एलिटमध्ये भारताला थेट जागा नाही. २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन्ही हंगामांत आपल्या वाट्याला आलं ते एवढंच: आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) साखळीत पहिला येणाऱ्याला चॅम्पियन्स लीग टूमध्ये थेट प्रवेश आणि सुपर कप ही देशातली दुसरी स्पर्धा जिंकणाऱ्याला त्याच स्पर्धेची एक पात्रता लढत. साखळीत दुसरा आलात तर त्या क्रमांकाचा इथे काही उपयोग नाही.

ही फट किती अरुंद आहे ते एफसी गोवाच्या २०२५ च्या वाटेवरून कळतं. एप्रिल-मेमध्ये भुवनेश्वरला सुपर कप झाला. सरळ बाद पद्धत, एक हार आणि बॅग भरा. गोव्याने गोकुलम, पंजाब आणि मोहन बागानला काढलं आणि फायनलला जमशेदपूरला ३-० हरवलं. एवढं करून मिळालं काय, तर ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबशी एक सामना. घरच्या मैदानावर, फातोर्ड्यात, गोवा २-१ जिंकला आणि गटात पोहोचला. त्या गटात सौदीचा अल नस्र होता. २२ ऑक्टोबरला अल नस्र फातोर्ड्यात आला. रोनाल्डो आला नाही, त्यामुळे अनेकांनी तिकिटावरून तोंड वाकडं केलं. सामना मात्र बघण्यासारखा झाला. ब्रायसन फर्नांडिसने गोल केला, गोवा १-२ ने हरला.

युरोपात एवढ्या खालच्या वाटेने येणाऱ्याला हरल्यावर दुसरी स्पर्धा तरी मिळते. सेल्टिक हरून युरोपा लीगमध्ये गेलाच. आपल्याकडेही अगदीच अंधार नाही. ईस्ट बंगाल २०२४ मध्ये तुर्कमेनिस्तानच्या अल्तिन असिरकडून कोलकात्यात २-३ हरला आणि चॅलेंज लीगमध्ये गेला, तिथे उपांत्यपूर्व फेरीही गाठली. पण ती पायरी तिसरी.

आपल्या महाराष्ट्राच्या क्लबचा हिशेब वेगळा सांगावा लागेल. मुंबई सिटी २०२२ मध्ये आशियाच्या तेव्हाच्या सर्वोच्च स्पर्धेत खेळली आणि इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. त्या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना, आणि विजयी गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा. पुढच्या वेळी आत जाण्याची वाट मात्र भलतीच निघाली. आशियाने आपलं वेळापत्रक बदललं, त्यामुळे दोन हंगामांचे साखळी विजेते एकाच जागेसमोर उभे राहिले. मग एप्रिल २०२३ मध्ये केरळातल्या मंजेरीला मुंबई विरुद्ध जमशेदपूर असा एकच सामना खेळवला गेला. मुंबई ३-१ जिंकली, जमशेदपूरचं वर्षभराचं यश तिथेच संपलं.

कागदावरची पात्रता आणि मैदानावरची

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. मैदानावर जिंकून भागत नाही. क्लबचा परवाना, मालकी, मैदान, सगळं तपासलं जातं. इंग्लंडच्या क्रिस्टल पॅलेसने २०२५ ला तिथला एफए कप जिंकून युरोपा लीगची जागा कमावली आणि मालकीच्या नियमामुळे त्यांना तिसऱ्या पायरीवरच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं गेलं. क्रीडा लवादात दाद मागितली, तिथेही काही झालं नाही.

पण अनिश्चिततेत आशिया खूपच पुढे, हे आशियाच्या बाजूने बोलणाऱ्या माणसानेही कबूल करावं. मोहन बागान २०२४ मध्ये ट्रॅक्टर नावाच्या क्लबविरुद्ध खेळायला इराणला गेला नाही आणि स्पर्धेतून माघार घेतल्याचं धरलं गेलं. २०२५ मध्ये इराणच्याच सेपाहानविरुद्ध तेच घडलं. सुरक्षेची काळजी खरी असेल, त्यावर इथे बसून बोलणं सोपं आहे. पण बघणाऱ्याच्या हातात उरतं काय? देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या क्लबने साखळी जिंकून मिळवलेली थेट जागा दोनदा वाया गेली. त्यात जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी आयएसएलचा पुढचा हंगामच स्थगित ठेवला. ज्या लीगमधून पात्र व्हायचं, तीच कधी सुरू होणार याचा तेव्हा पत्ता नव्हता. अशी वेळ युरोपच्या चाहत्यावर येत नाही.

दक्षिण अमेरिकेचं काय?

विचारणारे असतात, मेस्सीमुळे. तिथल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत, कोपा लिबर्तादोरेसमध्ये, ४७ क्लब: ब्राझीलचे सात, अर्जेंटिनाचे सहा, उरलेल्या आठ देशांचे प्रत्येकी चार, वर दोन विजेते. हिशेब सोपा आणि देशांचा वाटा ठरलेला, म्हणजे दरवर्षी देशांच्या क्रमवारीची डोकेफोड नाही. चुरस जबरदस्त. पण ब्यूनस आयर्समध्ये रात्री साडेनऊ म्हणजे आपल्याकडे सकाळचे सहा, आणि तिथल्या संध्याकाळी सातचा सामना आपल्या पहाटे साडेतीनला. पहाटे गोदाकाठी धावायला जाणाऱ्यांनी विचार करावा, बाकीच्यांनी सोडून द्या.

मग धरायचं काय?

वेळेचं गणित आधी. चॅम्पियन्स लीगचे मुख्य सामने हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दीडला, उन्हाळी वेळेत साडेबाराला. लवकरचा सामना सव्वाअकरा किंवा सव्वादहाला. आशियाचे पश्चिम विभागातले सामने बहुधा संध्याकाळ ते मध्यरात्रीच्या आत सुरू होतात.

तुम्हाला गुणतक्ते, जर-तर, शेवटच्या दिवशीची आकडेमोड आवडत असेल आणि आठवड्यातून एखादी रात्र जागायची तयारी असेल, तर युरोप घ्या. पण सप्टेंबरची वाट न बघता जुलैपासून धरा. छोट्या देशाचा एक लीग विजेता निवडा, त्याची पात्रता फेऱ्यांतली वाट बघा, आत आला तर वर्षभर तो तुमचा. कॉलेज रोडवर रिआलची जर्सी घालून फिरणारे शेकड्याने आहेत, कैरातची कुणाकडेच नसेल.

तुमच्याकडे वर्षात मोजक्याच रात्री असतील, किंवा हरल्यावर खरोखर जेवण जाऊ नये असं काही हवं असेल, तर आशिया. इथे बघायचं थोडं आहे पण प्रत्येक सामन्यावर काहीतरी टांगलेलं आहे. सुपर कपची बाद फेरी म्हणजेच तुमची खंडीय पात्रता, ती चुकवू नका. बहुतेकांना ती किरकोळ देशी स्पर्धा वाटते. क्लब भारतातला कुठलाही असो, पात्रता लढतीपुरता तो आपला मानायला हरकत नाही. बागानच्या नावाने शिव्या घालणाऱ्या माणसालाही तेवढं जमतं.

मला स्वतःला विचाराल तर नाशिककराने आशिया घ्यावी. एक कारण भावनेचं, ते वर आलंच. दुसरं रस्त्याचं. २०२३ मध्ये मुंबई सिटीचा इराणच्या नस्साजीविरुद्धचा सामना पुण्याच्या बालेवाडीत झाला, नोव्हेंबरमध्ये अल हिलालविरुद्धचा नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर. एकीकडे संगमनेर-नारायणगावमार्गे, दुसरीकडे कसाऱ्याहून किंवा आता समृद्धीने, नाशिकहून गाडी काढून जाण्यासारखी दोन्ही ठिकाणं. चॅम्पियन्स लीगचा सामना प्रत्यक्ष बघायला व्हिसा लागतो.

फक्त एवढं लक्षात ठेवा, हे सामने बहुतेक सोमवार ते गुरुवारमध्ये पडतात. जायचं ठरलं तर दुसऱ्या दिवशीची सुट्टी आधी टाका, आणि चाकणच्या ट्रॅफिकसाठी दोन तास जादा धरा.