ब्रेमारचे फाइफ आर्म्स : उतारूंच्या मुक्कामातले चित्रदालन

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन शहरातून डी नदीच्या काठाकाठाने पश्चिमेला निघालेला ए-९३ रस्ता ब्रिटिश राजघराण्याचे बालमोरल मागे टाकून ब्रेमार गावात शिरतो आणि तिथून ग्लेनशीच्या घाटाने पर्थकडे उतरतो. घोडागाड्यांच्या काळात या वाटेवर उतारूंना जेवण, अंथरूण आणि जनावरांना तबेला मिळावा म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जी दगडी इमारत उभी राहिली, ती म्हणजे फाइफ आर्म्स. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी १८५२ साली बालमोरलची मालमत्ता विकत घेतल्यावर या भागाला जे महत्त्व आले, त्यावर हे हॉटेल पुढची कित्येक दशके तगले. नंतर ते सहलीच्या बसगाड्यांचे, जुनाट गालिच्यांचे ठिकाण होऊन बसले. हाउझर अँड वर्थ या नामांकित कलादालनाचे संस्थापक इवान आणि मानुएला वर्थ या स्विस दांपत्याने ते विकत घेतले आणि काही वर्षांच्या डागडुजीनंतर डिसेंबर २०१८मध्ये पुन्हा उघडले. आज तिथे ४६ खोल्या आहेत, आणि चित्रे, शिल्पे व जुन्या वस्तू मिळून चौदा हजारांहून अधिक नग इमारतभर मांडलेले आहेत.

गेल्या नोव्हेंबरात वाईहून आलेल्या आईला घेऊन आम्ही तिथे एक रात्र राहिलो. आत पाऊल टाकताच डोक्यावर रिचर्ड जॅक्सन या अमेरिकन कलावंताने काचेची शिंगे आणि निऑनचे दिवे जुळवून केलेले झुंबर लखलखत होते, आणि त्याच दालनात एका जुन्या स्कॉटिश वाड्यातून आणून बसवलेली, स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या कवितांतील प्रसंग कोरलेली लाकडी शेकोटीची चौकट होती. आईने झुंबराकडे एकदाच पाहिले. शेकोटीसमोर मात्र ती चांगली वीस मिनिटे उभी राहिली आणि एकेक आकृती जवळून निरखत, कोरीव कामात धूळ कुठे साचते आणि ती कुणी आणि कशी पुसत असेल, याचा हिशेब करत बसली. धूळ कुठेच नव्हती.

मला सर्वांत भावले ते बैठकीच्या खोलीचे छत. झांग एन्ली या चिनी चित्रकाराने स्फटिकाचा दगड आडवा कापल्यावर दिसणाऱ्या वलयांवरून ते रंगवले आहे. आरामखुर्चीत चहा घेत मान मागे टाकली की हिरव्या-तांबूस रंगांचे पट्टे एकमेकांत मिसळताना दिसतात. त्याच खोलीच्या भिंतीवर पिकासोचे चित्र आहे, आणि ते चित्र चहाच्या टेबलापासून इतक्या जवळ आहे की संग्रहालयात असते तर मध्ये दोरी बांधली असती. जेवणघराच्या भिंती अर्जेंटिनाच्या गिएर्मो कुइत्का यांनी शेजारून वाहणाऱ्या क्लुनी ओढ्यावरून रंगवल्या आहेत. दिवसा बाहेर ओढा पाहून आलेल्या माणसाला रात्री जेवताना त्या कोनाकोनांच्या आकारांत पाणी आणि खडक ओळखू येतात.

“मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भिंतींवर चित्रे आहेत, पण तिथे कुणी जेवायला बसत नाही रे,” असे आई म्हणाली. माझ्या मते या हॉटेलची खरी कमाई तिने एका वाक्यात सांगितली. जुनी इमारत वाचवायची म्हणजे तिला कुलूप लावून बाहेर तिकीटखिडकी उघडायची, ही आपल्याकडे अंगवळणी पडलेली रीत आहे. इथे इमारतीचे मूळ काम, म्हणजे वाटसरूला जेवू घालणे आणि निजायला जागा देणे, तसेच चालू ठेवून कला त्या कामाच्या मध्ये आणून ठेवली आहे.

हे सगळेच मला पचले असे नाही. हरणांची शिंगे, चौकड्यांचे लोकरी कापड, पेंढा भरलेले पक्षी आणि सोनेरी चौकटी यांची एवढी दाटी आहे की तासाभरात डोळ्यांना मोकळ्या भिंतीची भूक लागते, आणि राणी व्हिक्टोरियाने स्वतः काढलेले हरणाच्या शिराचे चित्रही त्या गर्दीत सहज नजरेआड होऊ शकते. शिल्पकार लुईझ बुर्ज्वा यांनी घडवलेला आठ पायांचा भलामोठा कोळी अंगणात एकटा उभा आहे म्हणूनच तो मनात राहतो. एल्सा शापारेल्ली या फॅशनकार ब्रेमारला येत असत, म्हणून त्यांच्या नावाने केलेला गुलाबी बार आहे; तो पाहण्यापुरता ठीक.

खोल्यांचे भाडे मध्यमवर्गीय खिशाला जड आहे, हे आधीच सांगितलेले बरे. आम्ही सर्वांत लहान प्रकारची, क्रॉफ्ट नावाची खोली घेतली होती. पूर्वीच्या कुळांच्या झोपड्यांवरून बेतलेल्या या खोलीत पलंग भिंतीतच लाकडी चौकटीत बसवलेला आहे. आईने त्याला ताबडतोब “फडताळातला पलंग” असे नाव देऊन टाकले, आणि त्यात सर्वांत गाढ झोपही तिलाच लागली. ब्रिटनमध्ये नोंदले गेलेले नीचांकी तापमान, उणे २७.२ अंश सेल्सिअस, याच ब्रेमारमध्ये १८९५ आणि १९८२ साली मोजले गेले आहे, त्यामुळे भिंतीत शिरून झोपण्याची युक्ती केवळ शोभेची नाही.

राहणे परवडत नसेल तरी ‘फ्लाइंग स्टॅग’ या तळमजल्यावरच्या पबमध्ये जरूर बसावे. तिथे डोक्यावर पंख लावलेले हरीण आहे आणि खाली चिखलाच्या बुटांनी आलेले डोंगरभटके, त्यांची ओली कुत्री आणि गावातली रोजची मंडळी असतात. आम्ही दुपारी सूप घेऊन दीड तास बसलो आणि कुणी उठा म्हटले नाही. अ‍ॅबर्डीनहून २०१ क्रमांकाची बस थेट ब्रेमारपर्यंत येते. पर्थच्या बाजूने गाडीने येणाऱ्यांनी मात्र हिवाळ्यात निघण्याआधी रस्त्याची चौकशी करावी, कारण बर्फ पडला की ग्लेनशीच्या घाटाची फाटके लावून घेतात आणि मग अ‍ॅबर्डीनच्या बाजूने मोठा वळसा पडतो.