हवा तसा भाडेकरू मिळाला होता

धानोरीत आमचा एक टू बीएचके आहे. मुलासाठी म्हणून घेतला होता. मुलगा बंगळूरला गेला तो तिकडचाच झाला आणि फ्लॅट भाड्याने द्यायची वेळ आली. आम्ही दोघं राहतो कर्वेनगरला, म्हणजे बरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिकडे नळ गळला की इकडून सव्वा तास, येरवड्याला अडकलो तर त्याहून जास्त. त्यामुळे भाडेकरू बघताना आपली अट एकच, त्रास नको, असं मी सगळ्यांना सांगायचो. प्रत्यक्षात अटी सात-आठ होत्या. बॅचलर नकोत. रात्रपाळीवाले नकोत. भाडं पाच तारखेच्या आत. भिंतीला खिळे नकोत. आणखीही काही होत्या, त्या इथे लिहायला आता लाज वाटते.

या जूनमध्ये फ्लॅट रिकामा झाला. एजंट एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेतो. आयुष्यभर एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स खात्यात काढलेल्या माणसाला बावीस हजार उगाच देणं जिवावर येतं. म्हणून मी फोटो काढले, बाल्कनी, किचन, कपाटं, आणि एका मोफत जाहिरातीच्या वेबसाइटवर टाकले. स्वतःचा मोबाइल नंबरसुद्धा दिला. पहिल्या चार दिवसांत तिघे येऊन गेले. खराडीत नोकरी करणारी दोन मुलं आली, ती बॅचलर म्हणून गेली. एक नर्स आईला घेऊन आली होती, तिच्या ड्युटीच्या वेळा ऐकून मी 'कळवतो' म्हणालो. तिसरं कुटुंब भाडं कमी करा म्हणाले. सगळ्यांची मी तासतासभर उलटतपासणी घेतली.

पाचव्या दिवशी सकाळी फोन आला. "जय हिंद, सर जी."

सीआयएसएफचा, म्हणजे विमानतळांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय दलाचा जवान, विशाखापट्टणमहून लोहगाव विमानतळावर बदली. बायको आणि पाच वर्षांची मुलगी. शुद्ध शाकाहारी, हे मी न विचारताच त्याने सांगितलं. भाडं किती, डिपॉझिट किती एवढं विचारलं आणि घासाघीस न करता "मंजूर है सर" म्हणाला. पाच मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखपत्र, आधार, कँटीन कार्ड, गणवेशातला फोटो, शिवाय बायकोमुलीबरोबरचा एक.

हे पुण्याबाहेरच्या माणसाला कदाचित पटणार नाही, पण इथे वाढलेल्याचं गणवेशापुढे काही चालत नाही. लष्कराच्या दक्षिण कमांडचं मुख्यालय इथे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, खडकीला सॅपर्स म्हणजे लष्कराचे इंजिनिअर, वानवडीला एएफएमसी हे लष्करी वैद्यकीय महाविद्यालय. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. घरात 'लष्करातला माणूस' म्हटलं की विषय संपायचा. ज्या मी नर्सला तिची पगाराची स्लिप मागितली, त्या मी या माणसाला 'कधी राहायला येताय' एवढंच विचारलं.

आता मागे वळून बघताना दिसतं ते असं. धानोरीतलं घर बघायला येणारा प्रत्येक जण तीन गोष्टी विचारतो: पाणी कसं आहे, टँकर येतो का, आणि विमानांचा आवाज किती. सुखोई डोक्यावरून गेलं की तिथे बोलणं मधेच थांबवावं लागतं. या माणसानं यातलं काहीही विचारलं नाही. पार्किंगसुद्धा नाही. त्याने विचारलं, "सर, आपका अकाउंट कौनसे बैंक में है? यूपीआय चलाते हो ना?"

घर बघायलाही तो येणार नव्हता. ड्युटी सोडता येत नाही, सामान ट्रकमध्ये चढलंय, फोटो पाहून फॅमिलीला पसंत आहे. करारासाठी म्हणून त्याने माझं आधार, लाइट बिल आणि फ्लॅटचे आणखी फोटो मागितले. मी दिले. माणूस स्वतःचे एवढे कागद देतोय तर आपण का मागे राहायचं? (हे कागद नंतर कुठे गेले ते पुढे येईलच.)

दुपारी दुसऱ्या नंबरवरून फोन. हे म्हणे 'अकाउंट्स ऑफिसर'. आवाज चढा, घाईत असलेला. आर्मीचं पेमेंट 'रिव्हर्स' पद्धतीने होतं, आधी घरमालकाने रक्कम पाठवायची, मग मशीन दुप्पट परत करतं, त्यातून खातं व्हेरिफाय होतं. मी नको म्हणालो. तो म्हणाला, पाच रुपये पाठवून बघा. पाठवले. क्षणात दहा आले.

त्या पाच रुपयांवर मी गेलो. पस्तीस वर्षं व्हाउचरं तपासली, पण पाचाचे दहा का होतील हा प्रश्न मनात आला नाही. मग त्याने क्यूआर कोड पाठवला, खाली इंग्रजीत 'रिसीव्ह ४४,०००' असं छापलेलं. स्कॅन केला तर मोबाइलवर 'पे २२,०००' दिसलं. मी ते बोलूनही दाखवलं. "सर, आपकी तरफ पे ही दिखेगा, हमारी तरफ से रिसीव्ह होता है. पिन डालिए, जल्दी, सर्व्हर बंद होने वाला है." मी पिन टाकला. बावीस हजार गेले. आलं काहीच नाही. तो म्हणाला, एंट्री अडकली, तेवढीच रक्कम पुन्हा टाकली की दोन्ही सुटतील. पुन्हा टाकली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी मी घर भाड्याने देत नव्हतो, गेलेले चव्वेचाळीस हजार सोडवत होतो. सट्टेबाज हेच करतो, आणि त्याला आपण हसतो.

चौथ्या वेळी फोन स्पीकरवर होता. बायको आतून हात पुसत आली. म्हणाली, "अहो, भाडं तो देणार आहे ना? मग पैसे तुम्ही का पाठवताय?"

मी फोन ठेवला. तो पुन्हा पुन्हा वाजत राहिला.

यूपीआयमध्ये पिन लागतो तो फक्त पैसे द्यायला. (शिल्लक बघायलाही लागतो म्हणा.) पैसे यायला ना पिन लागतो, ना क्यूआर स्कॅन करावा लागतो. हे मला माहीत होतं, भाजीवाल्याला रोज देतो की. दुसरं म्हणजे सीआयएसएफ हे गृहमंत्रालयाखालचं दल. त्याच्या जवानाचं भाडं 'आर्मीचं अकाउंट्स ऑफिस' का भरेल? आणि सरकारी क्वार्टर मिळालं नाही तर जवानाला घरभाडे भत्ता पगारात येतो, घरमालकाला कुणी परस्पर पैसे पाठवत नाही. ही विसंगती पहिल्या मिनिटाला पकडायला हवी होती. पण मला हवा तसा भाडेकरू समोर उभा होता, माझ्या सगळ्या अटी तोंडपाठ असल्यासारखा.

पुढचे दोन तास मी वाया घालवले, आणि हे लिहिण्याचं मुख्य कारण हेच आहे. आधी त्याच दोन नंबरांवर फोन करत बसलो. मग बँकेचा कस्टमर केअर नंबर इंटरनेटवर शोधला. जो सगळ्यात वर आला तो दहा आकडी मोबाइल नंबर होता. तेवढ्यात मुलाचा फोन आला, तो ओरडलाच, "बाबा, तोही खोटा असेल, डेबिट कार्डाच्या मागचा नंबर लावा आणि आधी १९३०." १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा देशभरातला नंबर. त्यांना व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, वेळ आणि रक्कम लागते. ते पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवतात, आणि तिथून पुढे सरकले नसतील तेवढे अडवले जातात. म्हणून मिनिटं मोजायची. माझे ६६,००० गेले, त्यातले साडेनऊ हजार एका खात्यात अडकलेले सापडले. तेही लगेच मिळत नाहीत. ऑनलाइन तक्रार, तिची पावती, बँकेला लेखी अर्ज, सायबर पोलिसांकडे जबाब, हे सगळं केलं. बँकेच्या बाईंनी रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं: चूक ग्राहकाची असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. पिन मीच टाकला होता. वाद घालायला जागा नव्हती.

जबाब घेणारा हवालदार तरुण होता. ओळखपत्र बघून म्हणाला, "काका, हे बहुतेक खरंच कुणा जवानाचं असणार. त्याच्याकडून कधीतरी असंच काढून घेतलं असेल." मी विचारलं, मग माझं आधार? तो काही बोलला नाही, फक्त म्हणाला, आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका आणि पुढे कुणाला द्यायचंच झालं तर मास्क केलेलं द्या, शेवटचे चारच आकडे दिसतात. ते घरी येऊन केलं. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं तेव्हा तीन जणांनी 'हा फ्रॉड जुना आहे' असं उत्तर दिलं. जुना आहे तर आधी सांगायचं होतं. एक जण मात्र रात्री फोन करून हळू आवाजात म्हणाला, माझे एक लाख दहा हजार गेले, घरी सांगितलं नाहीये.

तीन आठवड्यांनी धानोरीच्या वॉचमनचा फोन आला. "साहेब, तुमच्या फ्लॅटची चावी घ्यायला एक जोडपं आलंय. टेम्पो घेऊन आलेत."

मी गेलो. रिमझिम पाऊस होता. टेम्पोत गादी, गॅसची शेगडी, कूलर, वर निळी ताडपत्री. तरुण मुलगा, त्याची बायको, नांदेडकडचे असावेत बोलण्यावरून. मुलाने मोबाइल पुढे केला. त्यात माझ्या बाल्कनीचा फोटो, माझ्या किचनचा, बायकोने सोडून दिलेल्या तुळशीच्या कुंडीसकट. भाडं बारा हजार सांगितलेलं. घर आवडलं म्हणून टोकन पाच हजार, मग 'गेट पास'चे अडीच हजार, मग अर्धं डिपॉझिट. घरमालक म्हणाला, मी लष्करात आहे, सध्या बाहेर पोस्टिंगवर, चावी वॉचमनकडे ठेवलीय.

"आणि हे त्यांचं आधार," असं म्हणून त्याने स्क्रीन सरकवली. फोटो माझा होता.

त्याने एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. त्याची बायको दोन पावलं मागे सरली. वॉचमन मधे पडला, चेअरमन खाली आले, मी माझ्या तक्रारीची पावती दाखवली, तरी त्या मुलाच्या नजरेतला संशय गेला नाही, आणि का जावा? त्यालाही कागदच दाखवले होते. पहिलं काम म्हणून तिथे गेटवर उभं राहूनच त्याच्या फोनवरून १९३० लावला. त्याचे शेवटचे पैसे आदल्या रात्री गेले होते.

टेम्पोवाला ताशी भाडं मागायला लागला होता. सामान कुठे उतरवायचं हा प्रश्न होता. मी चावी घेऊन आलो होतो, दोघांना वर घेऊन गेलो. दार उघडलं. त्याची बायको चपला बाहेर काढून आत आली, किचनपर्यंत गेली, नळ सोडून बघितला. मग डोक्यावरून विमान गेलं आणि ती थांबली. आवाज विरल्यावर म्हणाली, "काका, हे रोज असतं का? आणि पाणी किती वेळ येतं?"