दाखवला त्या दिवशी कागद खराच होता

मे महिना सरतो, आंब्याची शेवटची पेटी वाशीला जाते, दलालाचा हिशेब हातात येतो आणि देवगड पट्ट्यातल्या बागायतदाराला वर्षातून एकदाच हात मोकळे मिळतात. परदेश सहलीचे बेत याच दिवसांत ठरतात. फसवणाऱ्यालाही हे दिवस पाठ असतात. पुढे सांगितलंय ते देवगड तालुक्यातल्या एका जोडप्याचं प्रकरण. पन्नाशीच्या आसपासची माणसं, पहिलाच परदेश प्रवास, बरोबर टूर कंपनी नाही, दोघांनीच व्हिएतनामला जायचं ठरवलेलं. गेले १ लाख ८६ हजार रुपये. त्यांचं नाव, गाव आणि एजंटचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. खरी गोष्ट सांगायची आहे ती पद्धतीची.

देश निवडताना ते चुकले नव्हते. आपल्याकडे जूनमध्ये धो-धो पाऊस असतो तेव्हा मध्य व्हिएतनाममध्ये, म्हणजे दा नांग आणि होई आनच्या बाजूला, कोरडा उन्हाळा असतो. तिथला मोठा पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर. ई-व्हिसा घरबसल्या काढता येतो. एका प्रवेशाचा २५ डॉलर, अनेक प्रवेशांचा ५०, आणि ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. हे सगळं त्यांनी नीट वाचलं होतं. अडलं ते पैसे भरताना. कार्ड तीनदा नाकारलं गेलं.

कारण साधं होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करायचा आणि त्याची मर्यादा ठरवायची. दोन मिनिटांचं काम. पण ते माहीत नसल्यामुळे 'आपल्या कार्डावर होत नाही' असा समज झाला आणि बाजारपेठेतल्या एका एजंटचा नंबर मिळाला. भावोजींच्या ओळखीचा, गावाकडचाच. "तुमी काळजी करू नकात, व्हिसा झालो म्हणान समजा," असं म्हणाला. व्हिसापुरतं काम होतं ते तिथेच तिकीट आणि हॉटेलपर्यंत पसरलं.

त्याने तीन कागद दिले: तिकीट, हॉटेल, व्हिसा. त्यातले दोन, ज्या दिवशी दाखवले त्या दिवशी, खरे होते. 'आधी तपासून घ्या' हा सल्ला इथे अपुरा पडतो तो याचमुळे. त्यांनी तपासलं होतं.

तिकिटाचं असं झालं. २६ मे रोजी त्याने सहा अक्षरांचा पीएनआर पाठवला आणि आजच्या आज पैसे टाका, नाहीतर भाडं वाढेल असं सांगितलं. पुण्याच्या भाच्याने विमान कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहिला. दोघांची नावं, तारीख, विमान सगळं बरोबर. दुसऱ्या दिवशी ९६ हजार गेले. पण पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. एजंटला आरक्षण प्रणालीत पैसे न भरता जागा धरून ठेवता येतात. तिकीट काढण्याची मुदत टळली की आरक्षण आपोआप रद्द होतं. ही मुदत कधी काही तासांची, कधी एक-दोन दिवसांची. इथे ते बहुधा २८ मे रोजीच गळून पडलं असावं; नक्की सांगता येत नाही, कारण त्यानंतर कोणी ते उघडून पाहिलंच नाही.

तिकीट खरोखर निघालं असेल तर त्यावर तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक असतो. पहिले तीन आकडे विमान कंपनीचे, एअर इंडियाचे ०९८. काही स्वस्त विमान कंपन्यांमध्ये असा वेगळा क्रमांक दिसत नाही. तिथे बुकिंगची स्थिती आणि भरलेली रक्कम विमान कंपनीच्या स्वतःच्या पानावर पाहावी, एजंटने पाठवलेल्या पीडीएफवर नाही. तेरा आकडे दिसले म्हणजेही सुटलात असं नाही. काढलेलं तिकीट मागाहून रद्द करता येतं आणि परतावा ज्या मार्गाने पैसे भरले त्याच मार्गाने जातो, म्हणजे एजंटच्या कार्डावर किंवा खात्यात. तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून तीन वेळा तपासायचं: पैसे दिल्यावर दोन दिवसांनी, निघायच्या आठवडाभर आधी, आणि गाडीत बसायच्या आदल्या संध्याकाळी. आरक्षणावर ईमेल आणि मोबाइल तुमचाच हवा, नाहीतर रद्द झाल्याची सूचना त्याच्याकडे जाते आणि तो गप्प बसतो. इतकं सगळं करण्यापेक्षा तिकीट आपल्या कार्डाने थेट विमान कंपनीकडून काढलं तर यातलं निम्मं टळतं.

हॉटेलचा कागद तर याहून सोपा. बुकिंगच्या संकेतस्थळांवर 'आत्ता पैसे नाहीत, अमुक तारखेपर्यंत रद्द करणं फुकट' असा प्रकार असतो. त्याने चार रात्रींची खोली तशीच घेतली, पावती छापून दिली आणि 'भाडं भरून झालंय' असं सांगितलं. १७ जूनला शेवटचे ५० हजार त्याच्या हाती आले, १८ जूनला खोली रद्द. हॉटेलला थेट ईमेल करून दोनच ओळी विचारायच्या असतात: या क्रमांकाचं बुकिंग आहे का, आणि पूर्ण पैसे मिळाले का? हॉटेलचा ईमेल पत्ता पावतीवरून घेऊ नका, हॉटेलच्या स्वतःच्या पानावरून घ्या.

तिसरा कागद, व्हिसा, हा मात्र पहिल्यापासून खोटा होता. दुसऱ्या कोणाच्या तरी ई-व्हिसाच्या पीडीएफमध्ये नावं आणि पासपोर्ट क्रमांक बदललेले. आंबेवाल्यांना हे सांगायला नको, पेटी देवगडची आणि आतला माल कर्नाटकचा. पण हाही कागद पाच मिनिटांत पकडता आला असता. व्हिएतनामच्या सरकारी संकेतस्थळावर अर्जाची स्थिती पाहण्यासाठी तीन गोष्टी लागतात: अर्जाचा नोंदणी कोड, अर्जात दिलेला ईमेल आणि जन्मतारीख. यांच्याकडे जन्मतारीख होती. कोड होता, पण तो परक्या माणसाचा. ईमेल एजंटचा, तोही कळलेला नव्हता. एजंटकडून अर्ज भरून घ्यायचाच असेल तर तो आपल्या ईमेलवरून भरायचा आणि कोड त्याच दिवशी घ्यायचा. याला नकार देणाऱ्याकडे पुढे काही विचारायचं उरत नाही.

स्वतः अर्ज करताना संकेतस्थळाचा पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. व्हिएतनामचं सरकारी संकेतस्थळ 'डॉट गव्ह डॉट व्हीएन' असं संपतं. शोधयंत्रात वर येणारी बरीच पानं 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ऑर्ग'वर संपतात. तिथे 'व्हिएतनाम', 'ई-व्हिसा', 'ऑफिशियल' हे सगळे शब्द असतात, झेंडाही असतो. त्यातली काही फक्त मध्यस्थ असतात आणि २५ डॉलरच्या कामाचे दुप्पट-तिप्पट घेतात, काही तेवढंही करत नाहीत. थायलंडचं असंच. १ मे २०२५ पासून तिथे जाणाऱ्याला डिजिटल आगमन पत्र भरावं लागतं. ते फुकट आहे, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं आहे, आणि तरीही त्याचे पैसे घेणारी पानं निघाली. आपल्या पासपोर्टचंही तेच. खरं संकेतस्थळ 'पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन' आणि ३६ पानी साध्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये.

अर्ज भरताना आपल्याकडची माणसं नावावर अडतात. मराठी पासपोर्टमध्ये 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुतेक वेळा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दोन्ही असतात. व्हिसावर नुसतं नाव-आडनाव टाकलं की कागद जुळत नाही. पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत, त्या बाणासारख्या खुणांच्या पट्टीत, जसं नाव आहे तसंच्या तसं भरायचं. प्रवेशाचं ठिकाण, म्हणजे कोणत्या विमानतळावर उतरणार, तेही अर्जात लिहावं लागतं. फोटो चष्म्याशिवाय. पासपोर्ट प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध हवा. शुल्क परत मिळत नाही, तेव्हा 'पाठवा' दाबायच्या आधी दोघांनी मिळून मोठ्याने वाचून घ्यावं. सरकारी मुदत तीन कामाच्या दिवसांची आहे, पण निदान दोन आठवडे हातात ठेवा. त्यांच्याकडच्या सुट्ट्या आपल्या कॅलेंडरवर नसतात.

कोणी 'व्हिएतनामला व्हिसा लागतच नाही' म्हणालं तर ते अर्धसत्य आहे. फक्त फू क्वॉक बेटावर जाऊन तिथूनच परत फिरणाऱ्याला ३० दिवस व्हिसा लागत नाही. 'उतरल्यावर मिळतो' हेही तसंच. त्यासाठी तिथल्या इमिग्रेशन खात्याचं मंजुरीपत्र आधी लागतं आणि ते पत्र विकणं हा एक वेगळा धंदा आहे.

या प्रकरणात आणखी एक खूण होती, आणि ती सगळ्यात आधी दिसली होती. एजंट म्हणाला होता, "टीसीएस वाचवून देतो." टीसीएस म्हणजे विक्रेत्याने विकतानाच गोळा करायचा आयकर; परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याला तो गोळा करावाच लागतो. तो तुमच्या पॅनवर जमा दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, म्हणजे बुडत नाही. टीसीएस नाही, जीएसटीचं बिल नाही, पैसे कोणाच्या तरी वैयक्तिक बचत खात्यावर, म्हणजे कागदोपत्री हा व्यवहार झालेलाच नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने, आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की व्यवसायाचं नाव दिसतं. ओळखीच्या माणसाला बिल मागायचा संकोच आपल्याकडे फार. भावोजींच्या ओळखीचा माणूस नेमका त्याच संकोचावर जगतो.

डॉलरही तोच 'स्वस्तात' देणार होता. सुदैवाने ते राहून गेलं. परकीय चलन रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या बँकेकडून किंवा मनी चेंजरकडूनच घ्यायचं. पासपोर्ट आणि पॅन दाखवावं लागतं, ५० हजारांवरची रक्कम रोखीने देता येत नाही, आणि पावती मिळते. बिनपावतीच्या नोटा बनावट निघाल्या तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही. डाँग, म्हणजे व्हिएतनामचं चलन, इथे सहसा मिळत नाहीत. डॉलरच्या न दुमडलेल्या, न लिहिलेल्या नोटा न्याव्या. तिथे गेल्यावर २० हजारांची आणि ५ लाखांची नोट दोन्ही निळसर, घाईत एकसारख्या दिसतात आणि टॅक्सीवाले ते जाणून असतात. ५ लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्याच ठेवा. एटीएमने 'रुपयांत हिशेब करू का?' असं विचारलं तर नाही म्हणा, त्यात दर वाईट लागतो.

२१ जूनला ते दोघे मुंबई विमानतळावर पोहोचले. छापील तिकीट पाहून दारावरच्या जवानाने आत सोडलं. तो कागदावरचं नाव आणि ओळखपत्र जुळवतो. चेक-इनच्या काउंटरवर मात्र त्या नावाने काहीच नव्हतं. एजंटचा फोन बंद. त्यात दोन दिवस गेले, कारण 'गावाकडचाच आहे, परत गेल्यावर बोलू' असं वाटलं.

फसवणूक कळल्यावर पहिला फोन १९३० ला करायचा असतो, एजंटला नव्हे. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि समोरचं खातं हाताशी ठेवा. तक्रार नोंदली की पैसे ज्या-ज्या खात्यांत फिरले तिथे ते गोठवता येतात, पण तिथे उरले असतील तरच. पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवले असल्यामुळे 'अनधिकृत व्यवहार' म्हणून बँक भरपाई देत नाही. क्रेडिट कार्डाने भरले असते तर निदान व्यवहारावर आक्षेप घेता आला असता. मग पोलीस ठाणं. जिला सगळे अजून चारसोबीस म्हणतात ती फसवणूक १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येते. व्हॉट्सॲपवरचं संभाषण खोडू नका, नुसते स्क्रीनशॉट काढून भागत नाही, मूळ फोन जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही.

त्यांनी १९३० ला फोन केला तो २३ जूनला. मे महिन्यात दिलेले ४० हजार आणि ९६ हजार कधीच काढून घेतलेले होते. १७ जूनच्या ५० हजारांपैकी ३१ हजार एका खात्यात सापडले आणि गोठवले गेले. ते परत मिळावेत म्हणून न्यायालयाच्या आदेशासाठीचा अर्ज देवगडहूनच केला आहे.